बर्थिंग बॉलवर बसूनही कळा पुढे सरकत नाहीत? या चुका टाळा

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे बर्थिंग बॉलवर, म्हणजे कळांच्या वेळी बसायच्या मोठ्या हवेच्या चेंडूवर, नुसतं बसून राहणं. एकदा बसलं की तासभर तिथंच, हातात मोबाईल, आणि मग म्हणायचं की काही फरक पडत नाही! अहो कंबर हलली पाहिजे ना. गोल फिरवा, आठचा आकडा काढा, पुढे-मागे झुला, आणि अर्ध्या तासाने उठून थोडं चाला नाहीतर पोझिशन तरी बदला. कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेच्या 2013 च्या आढाव्यात झोपून राहणाऱ्या बायकांपेक्षा उभं राहणाऱ्या, चालणाऱ्या बायकांचा बाळंतपणाचा पहिला टप्पा (पिशवीचं तोंड पूर्ण उघडेपर्यंतचा) सरासरी 1 तास 20 मिनिटांनी लवकर संपला असं दिसलं, म्हणजे जादू बॉलमध्ये नाहीये.

बॉलचा साइज कुणी बघतच नाही. उंची 160 सेमीच्या आत असेल तर साधारण 55 सेमीचा, त्याच्या वर 65 चा आणि खूप उंच असाल तर 75 चा. बसल्यावर गुडघे कंबरेपेक्षा जरा खाली हवेत, ते वर येत असतील तर हवा कमी आहे नाहीतर बॉल छोटा, आणि मग पाठ गोल होऊन माकडहाडावर बसल्यासारखं होतं, उपयोग शून्य. मोजे घालून तर अजिबात बसू नका, अनवाणी बसा आणि मागे कुणीतरी उभं पाहिजेच.

आता जरा महत्त्वाचं. बाळाचं डोकं अजून वरच असताना खोल उकिडवं बसून काही मिळत नाही, त्याने कमरेच्या हाडांमधली खालची वाट मोकळी होते, वरची नाही. वरच्यासाठी मांड्या फाकवून, गुडघे बाहेर ठेवून बॉलवर डुलणं बरं. डोकं खाली आलं की उलटं, गुडघे थोडे आत आणि टाचा बाहेर. हे सहसा कुणी सांगत नाही आणि जोर लावायच्या वेळेस सगळ्या जणी पाय फाकवूनच बसतात.

कळ पोटापेक्षा कंबरेतच जास्त येत असेल तर बाळाची पाठ तुमच्या पाठीकडे असू शकते, अशावेळी मागे रेलू नका, गुडघ्यांवर येऊन बॉलला मिठी मारा आणि सोबतच्या माणसाला कंबर दाबायला लावा. एपिड्युरल (कळा कमी जाणवाव्यात म्हणून पाठीत देतात ते इंजेक्शन) घेतलं असेल तर बॉलवर बसायचं नाही, कुशीवर झोपून शेंगदाण्याच्या आकाराचा पीनट बॉल दोन्ही गुडघ्यांमध्ये ठेवतात, तिथंही कूस बदलत राहावी लागते. उताणं मात्र पडून राहू नका, गर्भपिशवीचं वजन मोठ्या शिरेवर येतं आणि बाळाकडचा रक्तपुरवठा कमी होतो.

लघवी तुंबवून ठेवली तरी डोकं अडतं, दर दोन तासांनी जाऊन या, लागली नसली तरी.

आणि रक्त जातंय, बाळाची हालचाल कमी वाटतेय, पाणी हिरवट आहे किंवा डोकं वर असतानाच पाणी गेलं, तर बॉल बाजूला सारा आणि लगेच सिस्टरला बोलवा.