धानाच्या बांधीसाठी निळे-हिरवे शेवाळ

नागपूर जिल्ह्यातील रामटेक, मौदा या धानपट्ट्यात निळे-हिरवे शेवाळ हे जैविक खत घरीच वाढवता येते. कपाशीच्या कोरड्या जमिनीत मात्र त्याचा आग्रह धरू नये, कारण या शेवाळाला साचलेले पाणी लागते.

उन्हाळ्यात, भरपूर ऊन येणाऱ्या जागी, 2 मीटर लांब, 1 मीटर रुंद आणि वीतभर खोल खड्डा करून त्यात प्लास्टिक अंथरावे, 8 ते 10 किलो चाळलेली माती व 200 ग्रॅम सुपर फॉस्फेट टाकून सुमारे 10 सेंटिमीटर पाणी भरावे आणि पाणी निवळल्यावर मूळ शेवाळाची भुकटी वर भुरभुरावी. आपल्याकडच्या मे महिन्यात पाणी झपाट्याने आटते, म्हणून रोज भर घालावी. जाड थर आला की खड्डा वाळू द्यावा व सुटलेल्या पापड्या गोळा कराव्यात.

रोवणीनंतर आठवड्याभराने या पापड्यांची हेक्टरी 10 किलो भुकटी साचलेल्या पाण्यात फेकावी आणि पुढे काही दिवस बांधी (बांध घातलेले धानाचे शेत) कोरडी पडू देऊ नये. हे शेवाळ हवेतील नत्र स्थिर करते, शिवाय त्याचा चिकट स्राव मातीचे कण बांधतो. तरीही युरिया एकदम बंद न करता हेक्टरी सुमारे 25 किलो नत्राइतकीच कपात करावी.