गाडीसाठी गाण्यांची सीडी राइट करताना या चुका टाळा
नागपूरहून समृद्धी महामार्गाने मुंबईपर्यंत ७०१ किलोमीटरचा प्रवास करायचा, त्यासाठी आदल्या रात्री बसून आवडीची गाणी सीडीवर घ्यायची आणि गाडी सुरू केल्यावर स्टिरिओने ‘एरर’ दाखवायचा, हा अनुभव मनाला फार लागतो. अशा वेळी दोष बहुधा स्टिरिओचा नसून सीडी राइट करण्याच्या पद्धतीचा असतो.

सर्वांत मोठी चूक ऑडिओ सीडी आणि डेटा सीडी यांतील फरक न पाहण्याची आहे. ऑडिओ सीडीवर आवाज ४४.१ किलोहर्ट्झ व १६ बिट या ठरलेल्या मापाने, आकार कमी न करता लिहिला जातो; म्हणून ७०० एमबीच्या सीडीवर जेमतेम ८० मिनिटांची गाणी मावतात, पण ती बहुतेक जुन्या स्टिरिओंवरही वाजते. डेटा सीडीवर १९२ केबीपीएसच्या एमपी३ (आवाजाचा काही तपशील गाळून आकार कमी केलेल्या) फाइली साडेआठ तासांच्या आसपास पुरतात, मात्र त्यासाठी स्टिरिओला एमपी३ वाचता यायला हवे. त्याच्या दर्शनी भागावर किंवा माहितीपुस्तिकेत तसा उल्लेख नसेल, तर राइट करताना ‘ऑडिओ सीडी’ हाच पर्याय निवडावा.

फ्लॅक किंवा एम४ए या गाण्यांच्या आणखी दोन प्रकारच्या फाइली डेटा सीडीवर तशाच टाकू नयेत, कारण अनेक स्टिरिओ त्या ओळखत नाहीत. ऑडिओ सीडीसाठी मात्र फ्लॅक उत्तम, कारण त्यात मूळ आवाजातले काहीच गमावलेले नसते. एमपी३चे वेव्हमध्ये, म्हणजे आकार कमी न केलेल्या फाइलीत, रूपांतर केल्याने फाइल फुगते; एकदा गेलेला आवाजाचा तपशील परत येत नाही.

विंडोजमध्ये ‘यूएसबी फ्लॅश ड्राइव्हप्रमाणे’ हा पर्याय निवडून फाइली टाकल्यास ती सीडी संगणकावर उघडते, पण गाडीत सहसा वाचली जात नाही. तेथे ‘सीडी/डीव्हीडी प्लेअरसह’ हा दुसरा पर्याय घ्यावा. पुन्हा लिहिता येणारी आरडब्ल्यू सीडी कमी प्रकाश परावर्तित करते, त्यामुळे जुन्या स्टिरिओसाठी एकदाच लिहिता येणारी साधी सीडी-आरच घ्यावी.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि उन्हात उभी केलेली गाडी त्याहूनही तापते. म्हणून सीडीवर कागदी लेबल चिकटवू नये, कारण उष्णतेने ते सुटून स्टिरिओतच अडकू शकते. नाव मार्करने लिहावे आणि सीडी डॅशबोर्डवर कधीही ठेवू नये.