‘कव्हर भारी झालंय’ म्हणणाऱ्यांना विचारू नका: मुखपृष्ठ सुधारताना या चुका टाळा

माध्यमं शिकणाऱ्या मुलांना हमखास दिला जाणारा एक प्रकल्प असतो: नव्या संगीत मासिकाचं मुखपृष्ठ करा, वाचकांना दाखवा, अभिप्राय घ्या आणि त्याप्रमाणे सुधारा. अशी कव्हरं माझ्याकडे तपासायला येतात. पहिला मसुदा सहसा बरा असतो. वाट लागते ती सुधारताना.

एका गटाचंच उदाहरण घेतो. मासिकाचं नाव ‘ठेका’. वर्गातलीच एक मुलगी तबला वाजवतेय, मागे काळा पडदा, वर मोठ्या अक्षरात नाव, कडेला मथळे. त्यांनी केलेल्या चुका थोड्याफार फरकाने सगळेच करतात.

विचारलं कुणाला, आणि काय?

मुलांनी गुगल फॉर्म केला आणि वर्गाच्या ग्रुपवर टाकला. प्रश्न होता, ‘कव्हर कसं वाटलं?’ उत्तरं आली: ‘भारी’, ‘एक नंबर’, ‘रंग जरा वेगळा चालला असता’. याचं करायचं काय? मैत्रिणीने रात्र जागून केलेल्या कामाला कुणी तोंडावर वाईट म्हणत नाही.

मी त्यांना कागदावर प्रिंट काढून कॅन्टीनमध्ये पाठवलं. ओळखीच्यांना टाळा, कव्हर पाच सेकंद दाखवा, पालथं ठेवा आणि विचारा: नाव काय होतं? मासिक कशाबद्दल आहे? आत काय वाचायला मिळेल? ‘आवडलं का’ हा शब्दच काढू नका. गल्ल्यावरच्या काकांनी नाव वाचलं आणि विचारलं, “कसला ठेका? कॅन्टीनचा बदलतायत की काय?”

सांगितलेला उपाय जसाच्या तसा उचलणं

काकांचं ऐकून मुलं हिरमुसली आणि नावच बदलायला निघाली. तशा सूचनाही आल्या होत्या: ‘नाव बदला’, ‘इंग्रजी नाव ठेवा’. इथे थांबायचं असतं. वाचकाला कुठे खटकलं हे त्याला बरोबर कळतं, पण का खटकलं हे सांगता येतंच असं नाही, आणि दुरुस्ती सुचवणं तर त्याचं कामच नाही. ‘ठेका’ म्हटल्यावर कंत्राट आठवत असेल, तर नावाच्या आसपास संगीताची खूण कमी पडतेय. त्यांनी नाव ठेवलं आणि त्याखाली बारीक अक्षरात एक ओळ घातली: ‘धा धिं धिं धा’. तबला शिकलेल्याला तीनतालाचे बोल लगेच कळतात, न शिकलेल्यालाही हे टेंडर नाही एवढं तरी कळतं.

‘फोटो नीट दिसत नाही’ हेही असंच. मुलांनी फोटो मोठा केला, तरी दिसेना, म्हणून आणखी मोठा केला. खरा घोळ असा होता की मुलीचा कुर्ता गडद निळा, केस काळे आणि पडदाही काळा. खांद्याची कडच हरवली होती. मागून थोडा उजेड टाकून फोटो पुन्हा काढल्यावर मूळ आकारातही तो उठून दिसला.

एकाचं मत म्हणून सोडून देणं

मुलगी कव्हरच्या बाहेर बघत होती. ‘तिने मथळ्यांकडे बघायला हवं,’ असं दोघा-तिघांनी सांगितलं. सूचना चांगली होती. मुलांनी सोपा मार्ग काढला आणि फोटो आडवा उलटवला. नजर मथळ्यांकडे वळली, सगळे खूश. फक्त संगीताच्या विशारद परीक्षेची तयारी करणारा एक मुलगा म्हणाला, “काहीतरी उलटं वाटतंय.” मतं मोजली तर बाकी सगळे विरुद्ध तो एकटा, म्हणून सोडून दिलं.

बरोबर तोच होता. एरवी उजव्या हाताखाली तबला आणि डाव्या हाताखाली डग्गा असतो. फोटो उलटवल्यावर जोडीची अदलाबदल झाली. डावखुरे वादक तसे बसतात हे खरं, पण ही मुलगी डावखुरी नव्हती. संगीताच्या मासिकाला कव्हरवरच डग्गा कुठल्या हाताला हे ठाऊक नसेल, तर जाणकार ते उघडणारच नाही. हार्मोनियमचंही तेच: फोटो उलटवला की उजवा हात भात्यावर आणि डावा पट्ट्यांवर. फोटो सरळ ठेवा आणि मथळे दुसऱ्या बाजूला न्या, दहा मिनिटांचं काम आहे. मतं मोजण्याआधी कोण बोलतंय ते बघा.

सगळ्यांचं सगळं ऐकणं

चौथ्या आवृत्तीत मथळे चौदा झाले होते. एकाला रॅप हवं, एकीला नाट्यसंगीत, कुणाला गिटार शिकवणारं सदर. जोडीला पिवळी चांदणी, तिच्यात ‘मोफत पोस्टर’. एक ना धड, भाराभर चिंध्या. मासिक कुणासाठी आहे ते एका ओळीत लिहून भिंतीवर चिकटवा आणि त्या ओळीत न बसणारी सूचना आभार मानून बाजूला ठेवा. कोणती सूचना का नाकारली हे अहवालात लिहा. मी तरी मार्क देताना तेच आधी शोधतो.

एका वेळी एकच बदल करा हे वेगळं सांगायला नको, पण सांगतो. रंग, फोटो आणि अक्षर एकदम बदललं तर सुधारणा कशामुळे झाली ते कळत नाही. आणि फाइलींना नंबर द्या. ‘फायनल_आता_खरंच’ नावाच्या तीन फाइली मी एका पेनड्राइव्हमध्ये पाहिल्या आहेत.

नाव वाचता येत नाही?

मराठी कव्हरवर ही तक्रार फार येते आणि मुलं अक्षर जाड करून मोकळी होतात. आधी या गोष्टी तपासा.

डोकं नावावर आलंय का? ‘रोलिंग स्टोन’ हे अमेरिकी संगीत मासिक १९६७पासून निघतंय, त्याच्या नावातली दोन अक्षरं चेहऱ्यामागे गेली तरी वाचक ओळखतो. तुमचं नाव आजच जन्मलंय. शिवाय देवनागरीत मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार सगळं शिरोरेषेच्या वर. इथे मुलीचा अंबाडा नेमका मात्रेवर आला आणि ‘ठेका’चं ‘ठका’ झालं.

अक्षरांमधलं अंतर वाढवलंय का? इंग्रजी नावाला ते शोभतं. मराठीत शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात.

ऱ्हस्व वेलांटी भलत्या जागी जात असेल किंवा जोडाक्षरं पाय मोडून सुटी पडत असतील, तर फॉन्टला शिव्या देऊ नका. पानं मांडायच्या इनडिझाइन सॉफ्टवेअरमध्ये परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडा, तो देवनागरी अक्षरं नीट जुळवतो. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलल्याशिवाय चिकटवला, तरी अगम्य चिन्हं दिसणारच. छपाईला देताना फॉन्ट आत घातलेली पीडीएफच द्या, नाहीतर प्रेसमधल्या संगणकावर काय उघडेल याचा नेम नाही.

मोबाइलवर छान, कागदावर मेलं

स्क्रीनवरचा झगझगीत हिरवा आणि विजेसारखा निळा चार शाईंच्या छपाईत तसा उतरत नाही, मळकट होतो. त्यामुळे रंगाबद्दलचं मत मोबाइलवर घेऊच नका, प्रिंटवर घ्या. दुसरी गंमत व्हॉट्सअॅपची. मुलीचा नवा फोटो ग्रुपवर आला, तिथूनच उतरवून लावला. लांब बाजू १६०० पिक्सेल. ए-फोर कव्हरला ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांनी, २४८० गुणिले ३५०८ पिक्सेल लागतात. ‘फोटो धूसर आहे’ हा अभिप्राय मग खराच होता. फोटो डॉक्युमेंट म्हणून मागवा किंवा कॅमेऱ्यातून थेट घ्या. पान कापताना कडेला पांढरी रेघ राहू नये म्हणून चारी बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापला जाणारा जादा भाग, ठेवा.

सहावी आवृत्ती घेऊन मुलं परत कॅन्टीनमध्ये गेली. काकांनी चष्मा लावला, कव्हर लांब धरून बघितलं, “तबल्याचं आहे होय,” म्हणाले. मुलं खूश. मग त्यांनी कागद उलटसुलट केला आणि विचारलं, “फुकट वाटताय का? किंमत कुठंय?”

सहा आवृत्त्या झाल्या होत्या. किंमत नव्हती, महिना नव्हता, अंक कितवा तेही नव्हतं. मलाही दिसलं नव्हतं.