संकेतस्थळ माउसने मांडावे की कोडने लिहावे?

संकेतस्थळ कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये करावे, हे ठरवण्यापूर्वी दोन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून काढावीत. दोन वर्षांनी त्यातला मजकूर कोण बदलणार आहे, हा पहिला. आणि उद्या ते दुसरीकडे हलवायचे झाले तर आपल्या हाती काय उरणार आहे, हा दुसरा. ‘सोपे काय’ हा प्रश्न त्यानंतरचा आहे, कारण पहिल्या दिवशी सोपे वाटलेले साधन तिसऱ्या वर्षी सोपे राहतेच असे नाही.

विक्स, स्क्वेअरस्पेस, वेबफ्लो किंवा वर्डप्रेस या संकेतस्थळ चालवण्याच्या प्रणालीवरचे एलिमेंटॉर ही दृश्य पद्धतीची साधने आहेत. त्यांत चौकटी ओढून ठेवायच्या, फोटो टाकायचा, रंग निवडायचा, आणि पानाची रचना व रूप सांगणारा एचटीएमएल व सीएसएस हा कोड ते साधनच पडद्यामागे लिहिते. कोडच्या पद्धतीत हाच कोड आपण व्हीएस कोडसारख्या विनामूल्य संपादकात स्वतः लिहितो. 1997 मध्ये आलेले ड्रीमविव्हर हे साधन या दोन्ही गोष्टी एकाच पडद्यावर दाखवते. ब्राउझरपर्यंत शेवटी कोडच पोहोचतो. फरक इतकाच की तो कोणी लिहिला आणि नंतर तो कोणाला वाचता येईल.

कोकणातल्या एखाद्या घरगुती निवासाचे उदाहरण घेऊ. खोल्यांचे दर मे महिन्यात वेगळे, पावसाळ्यात वेगळे, गणपतीत आणखी वेगळे. ते बदलणार मालकीणबाई, तेही बहुधा मोबाइलवरून. इथे दृश्य साधनच घ्यावे. त्यांना कोड शिकवण्याचा आग्रह धरणे हा आपल्या हौसेचा भाग झाला, त्यांच्या गरजेचा नव्हे. असेच एक संकेतस्थळ मी नातेवाइकांसाठी एका सेवेवर उभारले होते, आणि वार्षिक शुल्क वाढल्यावर ते हलवायला गेलो तेव्हा कळले की पाने जशीच्या तशी बाहेर काढण्याची सोयच नाही. मजकूर पानापानावरून उचलून नव्या जागी डकवण्यात चार संध्याकाळी गेल्या. चूक माझीच होती, कारण पैसे भरण्यापूर्वी मी मदतीची पाने उघडूनही पाहिली नव्हती.

मदतीची पाने पाहायची असतात ती यासाठी. विक्सवर केलेले संकेतस्थळ विक्सच्याच सर्व्हरवर चालते. वेबफ्लो सशुल्क योजनेत कोड उतरवून देते. मात्र त्यातील फॉर्म आणि मजकूर व्यवस्थापनाचा भाग बाहेर चालत नाही. स्वतःच्या होस्टिंगवर, म्हणजे सर्व्हरवर भाड्याने घेतलेल्या जागेत, वर्डप्रेस बसवले असेल तर फाइली आणि मजकूर साठवणारा डेटाबेस दोन्ही उचलून नेता येतात, पण पाने एलिमेंटॉरने मांडलेली असतील आणि ते बंद केले, तर मजकूर राहतो आणि मांडणी विस्कटते. 2018 च्या डिसेंबरात वर्डप्रेसच्या 5.0 आवृत्तीबरोबर आलेला ब्लॉक संपादक साध्या पानांना पुरेसा आहे, म्हणून माझा कल आधी तो वापरून पाहण्याकडे असतो. डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता, मात्र कोणत्याही परिस्थितीत स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या ईमेलवर नोंदवावे.

कोडची बाजू भक्कम ठरते ती एकाच साच्याची पाने शेकड्यांनी असतात तेव्हा, जसे एखाद्या ग्रंथालयाची जुन्या दिवाळी अंकांची सूची. जेकिल किंवा ह्यूगो ही साच्यातून पाने तयार करणारी साधने वापरून साचा एकदाच लिहायचा, नोंदी साध्या मजकूर फाइलींत ठेवायच्या, आणि साच्यातली एक ओळ बदलून पाने पुन्हा तयार केली की बदल सगळीकडे उमटतो. गिटहब पेजेस या सेवेवर अशी पाने विनामूल्य ठेवताही येतात. अर्थात कोड जाणणारा एकुलता एक कार्यकर्ता नोकरीनिमित्त परगावी गेला की सूची तिथेच थांबते.

मराठी मजकुरासाठी आणखी एक कसोटी आहे, जी इंग्रजीतल्या मार्गदर्शिकांत सहसा सापडत नाही. मथळ्यात ‘महाराष्ट्र’, ‘लेखनशैली’ आणि ‘मूर्ती’ हे शब्द टाकून पाहावेत. इंग्रजी साच्यांत मथळ्याच्या अक्षरांमध्ये मुद्दाम जागा सोडलेली असते, तिच्यामुळे ‘महाराष्ट्र’ची शिरोरेषा तुटून तिचे तुकडे होतात. काही फॉन्टांत ल आणि श यांची मराठी व हिंदी अशी दोन्ही वळणे असतात. पानाची भाषा मराठी असल्याचे कोडमध्ये नमूद केले नसेल, तर ‘लेखनशैली’ हिंदी वळणाने उमटू शकते. ओळींमधले अंतर कमी असेल तर ‘मूर्ती’वरचा रफार वरच्या ओळीतल्या उकाराला भिडतो. कोडमध्ये हे तिन्ही दोष चार ओळींत दुरुस्त होतात. दृश्य साधनात अक्षरांतील अंतर, ओळींतील अंतर आणि पानाची भाषा या तीन गोष्टी कुठे बदलता येतात, ते शोधावे. सापडल्या नाहीत तर मराठी मजकुरासाठी ते साधन बाजूला ठेवावे.

यानंतरही निर्णय होत नसेल तर अर्धा दिवस काढून एकच पान दोन्ही पद्धतींनी तयार करावे, आणि तेही खऱ्या मजकुराचे, खऱ्या फोटोंचे. दोन्ही पाने स्वस्तातल्या मोबाइलवर, वायफाय बंद करून उघडावीत. मग पुढे ज्या व्यक्तीला मजकूर बदलायचा आहे तिच्यापुढे एकेक पान ठेवून एक दर बदलायला सांगावे, आणि ती अडली तरी आपण माउसला हात लावू नये.