कुटाराखालची आरएक्स: शौकाची जुनी गाडी विकताना-घेताना या चुका टाळा

पोळ्याच्या आदल्या दिवशी शेजारच्या गावच्या काकाजींचा फोन आला. "नागपूरची पार्टी येऊन राह्यली गाडी पाह्यले. तू जरा ये बरं." गाडी म्हणजे १९९१ ची यामाहा आरएक्स १००. दीड महिन्यापूर्वी मी ती पाहिली होती, गोठ्यामागच्या खोलीत, कुटाराच्या (भुशाच्या) पोत्यांआड. टाकीवर बोटभर धूळ, कोंबड्या बसून बसून सीटला खड्डा. पण रंग कंपनीचा, टाकीवरची पट्टी कंपनीची, साइड पॅनलवरची अक्षरं जागच्या जागी. तेव्हाच सांगून आलो होतो, "काकाजी, हिला हात लावू नका."

गेलो तर अंगणात नवरी उभी! लालभडक रंग, टाकीवर बाजारातलं चमकतं स्टिकर, नवं सीट, नवा सायलेन्सर. काकाजी खूश. "पाय कशी चकाचक केली!"

पार्टी म्हणजे चाळिशी ओलांडलेला एक शांत माणूस. त्याने चमक पाहिलीच नाही. खिशातून रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक काढलं आणि टाकीच्या पोटावरून हळूहळू सरकवलं. दोन ठिकाणी ते धरेना, खाली घसरलं. तिथे पोचे झाकायला लांबी (पुट्टी) भरलेली होती. मग त्याने विचारलं, "जुना सायलेन्सर कुठंय?" तो भंगारवाल्याकडे गेला होता. माणूस चहा प्यायला आणि दीड महिन्यापूर्वी फोटो पाहून त्यानेच दिलेल्या भावाच्या निम्मा भाव बोलून गेला. काकाजी संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत, जसा काही रंग मीच मारला होता.

विकायच्या आधी नटवणं

आमच्या भागात ही सगळ्यात महागडी चूक आहे, म्हणून तिच्यावरच जास्त बोलतो. बैल बाजारात न्यायचा तर आपण त्याला धुतो, शिंगं साळतो, झूल घालतो. गाडीलाही तोच न्याय लावतो. साधी, रोजची जुनी गाडी असेल तर चालूनही जातं. शौकाच्या गाडीचा घेणारा वेगळा असतो. नव्या रंगाखाली काय दडलंय, या शंकेचे पैसे तो कापतो. रंग त्याला स्वतःलाही मारता येतो. कारखान्यातून आलेला रंग मात्र एकदा खरवडला की कुणालाच परत आणता येत नाही.

मोठ्या गाड्यांच्या जगातही हेच चालतं. फ्रान्सच्या पश्चिम भागात एका घराण्याच्या शेतावरच्या शेडमध्ये साठेक जुन्या गाड्या वर्षानुवर्षं पडून होत्या. त्यांत एक फेरारी २५० जीटी कॅलिफोर्निया स्पायडर होती, जुन्या मासिकांच्या ढिगाखाली दबलेली. फेब्रुवारी २०१५ मध्ये पॅरिसला तिचा लिलाव झाला. लिलाववाल्यांनी तिला रंग मारला नाही, धूळही तशीच ठेवली आणि गाडी १.६३ कोटी युरोंना गेली. ती फेरारी होती आणि एका नामांकित नटाच्या वापरातली होती, हे खरंच. आपल्या आरएक्सला कुणी युरो देणार नाही. पण तिथला घेणारा ज्या नजरेने बघत होता, त्याच नजरेने नागपूरचा माणूस कोंबडीने खड्डा पाडलेलं सीट बघत होता.

मग काहीच करायचं नाही का? करायचं. साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसायचं. डिझेलने धुवायचं नाही, त्याने रबर फुगतं. फोटो काढायचे: दोन्ही बाजू, मीटर, इंजिन नंबर, चेसिस नंबर, गंजलेल्या जागासुद्धा. बदललेला प्रत्येक मूळ भाग, मग तो फुटका इंडिकेटर असो की पोचा आलेलं मडगार्ड, पोत्यात बांधून गाडीसोबत द्यायचा. ज्याला आपण भंगार म्हणतो त्या पोत्यामुळे सौदा वर गेलेला मी एकदा नाही, तीनदा पाहिलाय.

"माझ्याकडे व्हिंटेज आहे"

नाही, राजेहो. जुलै २०२१ च्या केंद्राच्या नियमानुसार ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकीच व्हिंटेज धरतात. तिची नोंदणी वेगळी होते, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आहे आणि अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही. आरएक्स १०० भारतात आली १९८५ मध्ये आणि बंद झाली १९९६ ला. म्हणजे पहिल्यातली पहिली आरएक्ससुद्धा २०३५ च्या आधी या नियमात बसत नाही. राजदूत ३५० आली १९८३ साली, तिलाही अजून वेळ आहे. म्हैसूरच्या जुन्या जावा आणि सत्तरीतल्या सुरुवातीच्या येझदी बसू शकतात. तेव्हा "व्हिंटेज आहे" म्हणून दुप्पट सांगितलेला भाव ऐकून घेणारा मनातल्या मनात हसतो.

जुनेपणाला भाव येतो कुठून, हेही समजून घ्या. गाडी नवी असताना रोज उतरते, मग भंगाराच्या भावापर्यंत जाते आणि तिथेच बरीच वर्षं पडून राहते. ज्या पोरांनी कॉलेजच्या फाटकाशी उभं राहून तिच्याकडे नुसतं पाहिलं, त्यांच्या हातात पैसा आला की ती वर निघते. ९८ सीसीच्या, ११ हॉर्सपॉवरच्या गाडीसाठी आज लोक वेडे होतात, त्यात यंत्राइतकाच त्या फाटकाचा वाटा आहे. म्हणून "जुनी तितकी महाग" हे गणित चुकतं. त्याच गावात आरएक्सपेक्षा जुन्या कितीतरी लुना आणि मोपेड पडल्या आहेत, त्यांना कुणी विचारत नाही.

इंजिन बदललंय आणि सांगितलं नाही

आरएक्स १०० च्या सांगाड्यात आरएक्स १३५ चं इंजिन बसवलेल्या गाड्या आपल्याकडे ढिगाने आहेत. पळायला मजा येते. पण आरसीवरचा (नोंदणी पुस्तकातला) इंजिन नंबर आणि इंजिनाच्या केसवरचा नंबर जुळत नसेल, तर शौकीन माणूस तिला अर्धीच गाडी धरतो आणि आरटीओत ती पूर्णच अडकते. घेणाऱ्याने आधी नंबर बघावा, मग आवाज ऐकावा. आकड्यांभोवतीची जागा घासलेली, आकडे वाकडेतिकडे, एखादा जास्त खोल, असं दिसलं तर गाडी कितीही देखणी असो, चहा पिऊन निघून यायचं. पुन्हा पंच केलेला नंबर चोरीच्या गाडीचा असू शकतो.

राजदूत ३५० मध्ये आणखी एक घोळ आहे. तिचे दोन प्रकार निघाले: एचटी (हाय टॉर्क) ३०.५ हॉर्सपॉवरची आणि एलटी (लो टॉर्क) २७ ची. एचटीला मागणी जास्त, म्हणून प्रत्येक एलटीवाला आपली एचटीच आहे असं शपथेवर सांगतो. शपथ बाजूला ठेवून जाणकार मिस्त्रीला सिलिंडर आणि सायलेन्सर दाखवा.

किक मारून मारून जीव घेणं

वर्षानुवर्षं उभी असलेली गाडी पार्टीसमोर चालू करून दाखवायची म्हणून घरातली तीन पोरं आळीपाळीने किक मारतात. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला चिकटलेल्या असतील तर तिथेच ओरखडे पडतात. आधी प्लग काढा, भोकातून चमचाभर टू-टी ऑइल सोडा, रात्रभर राहू द्या, सकाळी हाताने किक हळू दाबून फिरते का पाहा. टाकीतलं जुनं पेट्रोल पूर्ण काढा. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतलं पाणी ओढतं. पावसाळाभर उभ्या गाडीच्या टाकीत तळाला पाणी साचून आतून गंज धरतो, कार्ब्युरेटरची जुनी रबरं फुगतात. उभी ठेवायचीच असेल तर कार्ब्युरेटर रिकामा करून ठेवा.

चालू झाल्यावर काय दिसतं, त्यावरून खर्च ओळखता येतो:

- सुरुवातीला निळसर धूर येऊन कमी होत गेला तर साचलेलं ऑइल जळतंय, घाबरू नका.
- पांढरा दाट धूर थांबतच नाही आणि गिअर ऑइल कमी होत जातं. म्हणजे क्रँकचं सील कडक झालंय आणि गिअरचं ऑइल आत ओढलं जातंय. इंजिन उघडावं लागेल.
- अ‍ॅक्सिलरेटर सोडूनही आवाज आपोआप चढतो. बाहेरची हवा आत शिरतेय. अशी गाडी पळवून बघू नका, पिस्टन जाम होईल.
- ठिणगी आहे, पेट्रोल आहे, तरी किक लोण्यासारखी खाली जाते. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) गेलंय. बोअर मारायचा खर्च भावातून वजा धरा.

विकणाऱ्याने हे दोष आधीच सांगून टाकलेले बरे. लपवलेला धूर दिसला की घेणारा न दिसलेल्या दहा गोष्टींचेही पैसे कापतो.

आणि गाडी ठेवता कुठे, तेही बघा. युरिया-डीएपीच्या पोत्यांशेजारी गाडी उभी करणं म्हणजे तिला गंजाच्या हवाली करणं. खत ओलावा धरतं आणि लोखंड खातं. गोठ्यातल्या गोमुत्राच्या वाफेत अमोनिया असतो, तो पितळ-तांब्याला लागतो आणि कार्ब्युरेटरचे जेट पितळी, वायरिंग तांब्याचं. वर उंदीर. त्यांना वायरीचं आवरण का आवडतं देव जाणे. काकाजींची गाडी कुटारात होती म्हणून वाचली. खताच्या खोलीत असती तर चुंबक लावायलाही काही उरलं नसतं.

गाडी बापाची, कागद आजोबांचे

खरा सौदा इथे मोडतो. गाडी आजोबांच्या नावावर, आजोबा वारलेले, काकांशी शेताच्या धुऱ्यावरून (बांधावरून) भांडण, आरसी बुक कुठल्या ट्रंकेत ते माहीत नाही. घेणारा आल्यावर शोधाशोध सुरू होते. मालक वारला असेल तर वारसाच्या नावावर गाडी करायला फॉर्म ३१ लागतो, सोबत मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची संमती. त्यानंतरच विक्रीचे फॉर्म २९ आणि ३०. बाहेरच्या राज्यातली पार्टी असेल तर फॉर्म २८ ची एनओसी (ना-हरकत दाखला). मेलेल्या माणसाची सही मारून काम उरकणारे दलाल भेटतात. त्यांच्या नादी लागू नका, ही सरळसरळ बनावट सही आहे आणि उद्या गाडीने काही केलं तर पोलीस तुमच्या दारात.

दुसरं, १५ वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी लागतं. वीस वर्षांपुढच्या दुचाकीसाठी केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये ही फी २,००० रुपये केली, मोटारकारसाठी १०,०००. वर पर्यावरण कर आणि उशिराचा दंड. शिवाय एमएच-२७, एमएच-३२ असे नंबर येण्याआधीची तीन अक्षरी पाटी असलेल्या गाड्यांची नोंद बऱ्याचदा ऑनलाइन चढलेलीच नसते. ती चढवून घ्यायला आरटीओच्या फेऱ्या होतात. सोयाबीन काढणीच्या आधी सुरू केलं तर दिवाळीपर्यंत होईल, या हिशेबाने चला. कागद तयार असलेली गंजकी गाडी बिनकागदाच्या देखण्या गाडीपेक्षा जास्त भावाने जाते. बिनकागदाची गाडी घेणारा फक्त तिचे सुटे भाग मोजतो.

ताडोबा-मेळघाटच्या सफारीतून उतरलेल्या जिप्सी घेणाऱ्यांनी हेच दुप्पट लक्षात ठेवावं. छत कापलेलं, मागे बाकडी जोडलेली आणि पासिंग व्यावसायिक. ती खासगी करून घ्यायची जबाबदारी कुणाची, हे पैसे देण्याआधी कागदावर लिहून घ्या.

मोबाईलवरचा भाव

रीलमध्ये कुणी लाखांचे आकडे सांगतो. तो मागितलेला भाव असतो, मिळालेला नव्हे. गाडी खरंच कितीला गेली, हे विचारायला मिस्त्री आणि सुट्या भागांचे दुकानदार बरे. आणि चढलेला भाव चढतच राहतो असंही नाही. १९८८ मध्ये फेरारी कंपनीचे संस्थापक एन्झो फेरारी वारले, त्यानंतर फेराऱ्यांचे भाव आभाळाला भिडले होते. नव्वदीच्या सुरुवातीला ते धाडकन खाली आले आणि कर्ज काढून घेतलेल्यांचे हाल झाले. शेती गहाण टाकून आरएक्स घेणारा मला अजून भेटलेला नाही, पण बैलजोडी विकून घेणारा भेटलाय.

जुनं बिल, विम्याचे कागद, लग्नाच्या वरातीतला फोटो, हे टाकू नका. इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोनच्या रेस ट्रॅकवर २००२ मध्ये सचिनला मिळालेली फेरारी पुढे सुरतेच्या एका व्यापाऱ्याने घेतली, ती काय फक्त इंजिनासाठी? काकाजींकडे शोरूमचं मूळ बिल होतं. पार्टीला दाखवायचं राहूनच गेलं.

महिन्याभराने तोच माणूस पुन्हा आला. या वेळी आम्ही भंगारवाल्याकडून सायलेन्सर परत मिळवला होता, वजनाच्या दुप्पट पैसे मोजून. बिल दाखवलं, लांबी भरल्याचं स्वतःहून सांगितलं. आधीच्या निम्म्यावरून भाव थोडा वर आला, मूळ आकड्याला मात्र पोचला नाही. विक्रीपत्रावर तारखेसोबत वेळ टाकून घेतली, दुपारचे ३.२०, त्याच्या आधारची प्रत ठेवली आणि चौदा दिवसांच्या आत आरटीओत विक्री कळवली. काकाजींचा मोठा भाऊ हे करायचा विसरला होता. त्याने विकलेल्या स्प्लेंडरची चलानं अजून त्याच्याच मोबाईलवर येतात.