नावाजलेला लेखक गुप्तहेर म्हणून: ऐतिहासिक रहस्यकथा कशी रचावी

खून कसा झाला हे नंतर ठरवा. आधी कथेत गुप्तहेर होणारा खराखुरा लेखक निवडा, आणि त्याच्या चरित्रात तुमची कथा शिरेल एवढी फट आहे का ते बघा.

१. फट शोधा. पत्रसंग्रह आणि सविस्तर चरित्र शेजारी ठेवून वाचा. पत्रे थांबतात तिथे खूण करा. इंग्रज कादंबरीकार जेन ऑस्टिन यांचे मे १८०१ ते सप्टेंबर १८०४ या काळातले एकही पत्र उरलेले नाही. कथेला तीन-चार आठवडे पुरतात, इथे तर तीन वर्षे मोकळी आहेत. रहस्यकथाकार अगाथा ख्रिस्ती ३ डिसेंबर १९२६ च्या रात्री घरातून निघून गेल्या आणि १४ तारखेला हॅरोगेटच्या हॉटेलात सापडल्या. ही फट सगळ्यांनाच मोहात पाडते, पण ती इतकी वापरून झाली आहे की नवख्याने तिच्या वाटेला न गेलेले बरे.

२. तारखांचा तक्ता करा. चार रकाने: तारीख, ठिकाण, सोबत कोण, पुरावा काय. पुराव्याचा रकाना रिकामा असेल तिथेच कल्पनेला मुभा. प्रकृती आणि मनःस्थितीही टिपून ठेवा. ९ जून १८६५ रोजी स्टेपलहर्स्टच्या रेल्वे अपघातातून चार्ल्स डिकन्स बचावले, पण रेल्वेप्रवासाची धास्ती त्यांच्या मनातून पुढे गेली नाही. त्यानंतर दोन महिन्यांनी ते भरधाव गाडीत बसून निवांतपणे खुन्याचा माग काढू लागले, तर जाणकार वाचक पुस्तक मिटतो.

३. उकल लेखकाच्या खऱ्या कौशल्यातून काढा. ‘तो हुशार होता’ एवढ्याने भागत नाही. नमुना हवा असेल तर शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉइल यांचा खराखुरा तपास पाहा. रात्री शेतात घोड्याला जखमी केल्याच्या आरोपावरून जॉर्ज एडलजी यांना १९०३ मध्ये सजा झाली होती. पुढे ते डॉइल यांना हॉटेलात भेटले, तेव्हा वर्तमानपत्र डोळ्यांजवळ, किंचित तिरके धरून वाचत होते. डॉइल नेत्रविकार शिकलेले डॉक्टर. एवढी अधू नजर असलेला माणूस अंधारात शेते तुडवत जाईल कसा, हा प्रश्न त्यांना तिथेच पडला. १९०७ च्या जानेवारीत त्यांनी वर्तमानपत्रातून ही बाजू मांडली. तुमच्या नायकालाही असाच एक धागा द्या, जो फक्त त्यालाच दिसेल: कुणाच्या बोलण्याची लकब, खोट्या पत्रातली न शोभणारी शब्दकळा, हस्तलिखितातली खाडाखोड.

४. तपासाची साधने त्या काळातलीच ठेवा. आर्सेनिक हे विष ओळखणारी मार्श चाचणी १८३६ ची, लंडन पोलिसांची गुप्तहेर शाखा १८४२ ची, स्कॉटलंड यार्डचा बोटांच्या ठशांचा विभाग १९०१ चा. म्हणजे ऑस्टिन यांच्या कथेत दंडाधिकारी, गावचा कॉन्स्टेबल आणि कॉरोनरची (संशयास्पद मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याची) ज्युरी, एवढेच हाताशी. ही अडचण वाटली तरी फायद्याचीच आहे: प्रयोगशाळा नसली की माणसांना बोलते करावे लागते.

५. इतिहासात याची नोंद का नाही, याचे उत्तर कथेच्या पहिल्या एक-तृतीयांश भागातच पेरा. शेवटी घाईने ‘सगळ्यांनी गुप्ततेची शपथ घेतली’ म्हणणे ही पळवाट झाली. ऑस्टिन यांच्या बाबतीत कारण आयते मिळते: बहीण कॅसँड्रा यांनी त्यांची बरीचशी पत्रे जाळून टाकली.

एक अडचण मुळातच आहे. नायक मरणार नाही हे वाचकाला ठाऊक असते, त्यामुळे त्याच्यावर रोखलेल्या पिस्तुलाने कुणी दचकत नाही. धोका काल्पनिक सोबत्यावर आणा. तोच निवेदक असला तर दुहेरी फायदा: त्याच्या जिवाची खात्री वाचकाला वाटते खरी, पण बोटे, नोकरी, अब्रू काहीही जाऊ शकते, शिवाय थोर लेखकाच्या डोक्यात शिरण्याची जोखीमही टळते.

लेखकाची गाजलेली वाक्ये त्याच्याच तोंडी घालू नका. चहा मागतानाही सुभाषित बोलणारा माणूस दहा पानांत नकोसा होतो. समकालीन प्रसिद्ध व्यक्ती एखादीच आणा. खुनी मात्र काल्पनिकच असू द्या. खऱ्या माणसावर पुराव्याविना खून लादू नये. शेवटी पानभर टिपण जोडून खरे काय आणि रचलेले काय ते सांगा, पण ते पुस्तकाच्या सुरुवातीला छापू नका, नाहीतर खुनी कोण नाही हे तिथेच कळते.