लाईट बिल नीट वाचायचं कसं (आणि त्यात एनरॉन कुठून येतो)

लाईट बिल आलं की आपण दोनच गोष्टी बघतो, रक्कम किती आणि शेवटची तारीख कधी, आणि मग चार शिव्या एमएसईबीला. आता मुळात एमएसईबी नावाचं काही आपल्याला बिल पाठवतच नाही, राज्य झालं त्या १९६० साली हे वीज बोर्ड आलं आणि जून २००५ मध्ये त्याचे तुकडे झाले: वीज बनवणारी महानिर्मिती, मोठ्या टॉवरवरून आणणारी महापारेषण, आणि घरापर्यंत पोचवून पैसे घेणारी महावितरण. वर एक होल्डिंग कंपनी, मालक सगळ्याचा सरकारच. तरी खांबावर चढलेला माणूस आजही "बोर्डाचा माणूस"च, ते काही जायचं नाही. तर बिल काढा आणि एकेक रकाना बघू.

पहिलं रीडिंग. बिलावर मीटरचा फोटो असेल तर त्यातला आकडा आणि "चालू रीडिंग" जुळतंय का बघा. मग मीटरपाशी जा, डिस्प्लेवर आकडे आपोआप फिरत असतात, त्यातला केडब्ल्यूएच (किलोवॅट-तास, म्हणजेच युनिट) लिहिलेला आकडा घ्यायचा, तो बिलापेक्षा थोडा पुढे असायला हवा, मागे असेल तर काहीतरी गडबड आहे. रीडिंगऐवजी सरासरीने बिल लावलं असेल तर लगेच विचारा, दोनतीन महिने तसेच गेले की नंतर एकदम अंगावर येतं.

मीटरवर एक लाल लाईट लुकलुकत असते आणि शेजारी बारीक अक्षरात ३२०० इम्पल्स वगैरे लिहिलेलं असतं, म्हणजे ती ३२०० वेळा लुकलुकली की एक युनिट (तुमच्या मीटरवर आकडा वेगळा असू शकतो, आधी तो वाचा). घरातलं सगळं बंद करून फक्त हजार वॅटची इस्त्री लावा, मिनिटाला साधारण ५३ वेळा लुकलुकायला हवं. आणि उलटी टेस्ट, मेन स्विच पाडा आणि बघत बसा. आमच्या शेजारच्या काकूंकडे मेन पाडल्यावरही लाईट लुकलुकतच होती, शेवटी निघालं काय तर जिन्यातला दिवा कधीकाळी कोणीतरी त्यांच्या मीटरवर जोडून ठेवला होता! किती वर्षं ते देवाला माहीत.

आता स्लॅब. इथे लोकांचा सगळ्यात मोठा घोळ होतो. घरगुती ग्राहकाला १०० पर्यंत एक दर, मग १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि पुढे. पण १०१ वं युनिट पडलं म्हणून आधीची १०० युनिटं महाग होत नाहीत, फक्त वरची युनिटं वरच्या दराने लागतात. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये याच्यावरूनच राज्यभर बोंबाबोंब झाली होती, रीडिंग बंद, बिलं हिवाळ्याच्या सरासरीने गेली आणि जूनमध्ये खरं रीडिंग आलं ते ऐन उन्हाळ्याचं, त्यात एप्रिलपासून दरही बदललेले. समजा तीन महिन्यांची ६९० युनिटं एकत्र आली, तर हिशोब महिन्याला २३० धरून व्हायला हवा, म्हणजे दर महिन्याला १०० खालच्या दराने आणि १३० दुसऱ्या. एकाच महिन्याची धरली तर १९० युनिटं थेट पाचशेच्या वर जातात, केवढा फरक! एकत्र बिल आलं की हा भागाकार स्वतः करा.

स्थिर आकार म्हणजे घराला कुलूप असलं तरी द्यावे लागतात ते पैसे. राग येतो ना? हेच बोर्डाच्या बाबतीत झालं म्हणजे एनरॉन. या अमेरिकन कंपनीच्या गुहागरजवळच्या दाभोळ वीज प्रकल्पाचा करार १९९३ मध्ये झाला, १९९५ मध्ये नव्या सरकारने तो रद्द केला, आणि परत वाटाघाटी करून पुन्हा जिवंतही केला (अरबी समुद्रात बुडवणार होते म्हणे). करारात क्षमतेचे पैसे ठरलेले, वीज घ्या नाहीतर नका घेऊ, त्यात इंधन नाफ्था (खनिज तेलातून निघणारं), आणि हिशोब डॉलरमध्ये. १९९९ ला वीज सुरू आणि मे २००१ ला बंद, कारण बोर्डाला ती परवडेचना. त्याच वर्षीच्या डिसेंबरात अमेरिकेत एनरॉनच दिवाळखोरीत गेली. माझ्या मते कुठलाही वीज खरेदी करार बघताना हा एकच प्रश्न आधी विचारावा, वीज घेतली नाही तर किती द्यायचे.

वहन आकार म्हणजे महावितरणच्या तारांचं भाडं, पुढे चला.

इंधन समायोजन आकार मात्र थांबून बघा, हा महिन्याला बदलतो. आपली वीज मुख्यतः कोळशाची, एकट्या चंद्रपूरचं केंद्र २९२० मेगावॅटचं, शिवाय कोराडी, खापरखेडा, भुसावळ, परळी. कोळसा कमी पडला किंवा महाग घेतला की फरक इथे येतो. आणि कोळसा असूनही भागत नाही, २०१३ च्या दुष्काळात परळीचं केंद्र पाणी नाही म्हणून बंद ठेवावं लागलं. राखेचं दुखणं वेगळंच, कोराडी-खापरखेड्याच्या आसपासच्या गावांना विचारा. कोयना १९६० मेगावॅट, पण ती दिवसभर चालवता येत नाही, वीज करून पाणी पश्चिमेला वाशिष्ठीत जातं आणि कृष्णा पाणीवाटप लवादाने त्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफूट) मर्यादा घातलीय. म्हणून ती संध्याकाळच्या मागणीला वापरायची, काही मिनिटांत सुरू होते, कोळशाच्या संचाला तास लागतात. दुपारी आता सोलर भरपूर, त्यामुळे स्मार्ट मीटरवाल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ च्या वापरावर सवलत आहे, तुमचा मीटर तसा असेल तर वॉशिंग मशीन दुपारी लावा. (स्मार्ट मीटर प्रीपेड करायचा घाट २०२४ मध्ये विरोधामुळे बारगळला, आता लागतात ते पोस्टपेड.)

वीज शुल्क कंपनीचं नाही, ते राज्य सरकारला जातं, त्यासाठी वायरमनशी भांडू नका.

आणि बिल चुकीचं वाटलं तर? १९१२ ला फोन करा, तक्रार नंबर लिहून ठेवा, पण तेवढ्यावर थांबू नका, उपविभाग कार्यालयात लेखी अर्ज द्या, फोटो जोडा आणि पोच घ्या, पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा. मीटरवर संशय असेल तर तपासणीची फी भरून टेस्ट मागा. तिथे काम झालं नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच, त्याच्यावर विद्युत लोकपाल, मुंबई आणि नागपूरला. वकील लागत नाही. वीज तोडायच्या आधी १५ दिवसांची लेखी नोटीस लागते, आणि वाद चालू असताना आधीच्या सहा महिन्यांच्या सरासरीने पैसे निषेध नोंदवून भरले तर तोडता येत नाही, वीज कायद्याचं कलम ५६ आहे, अर्जात नंबर लिहाच. दोन वर्षांपूर्वीची थकबाकी मध्ये कधीच बिलात दाखवली नसेल आणि आज अचानक काढली, तर त्यालाही हेच कलम, पोटकलम २. त्यासाठी जुनी बिलं लागतात, तेव्हा ती रद्दीत घालू नका.